लाइट गेली की रिसेप्शनचा फोनही का जातो? हॉटेलची टेलिफोन यंत्रणा बाहेरच्या नेटवर्कशी नेमकी कशी जोडलेली असते

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. जाताना मालवण, देवगड, वेंगुर्ला पट्ट्यात झाडं आणि विजेचे खांब आडवे करून गेलं. अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. विजेपाठोपाठ मोबाइलची रेंज गेली, आणि ‘सगळे बरे आहेत ना’ एवढं विचारायलाही मुंबईतल्या चाकरमान्यांना मार्ग उरला नाही.

वादळ हा टोकाचा प्रसंग झाला. पण किनाऱ्यावर पावसाळ्यात लाइट जाणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. आणि आता तिला एक नवी तक्रार जोडली गेली आहे: ‘पूर्वी लाइट गेली तरी लँडलाइन चालायची. फायबर घेतल्यापासून लाइट गेली की फोनही जातो.’

घरातल्या एका फोनपुरती ही गैरसोय आहे. पण तारकर्ली-देवबागचं रिसॉर्ट, मालवणच्या बाजारपेठेतलं लॉज, एखादं खासगी रुग्णालय किंवा पतपेढी यांच्यासाठी फोन बंद म्हणजे बुकिंग बंद, चौकशी बंद आणि अडचणीच्या वेळी मदतही बंद. म्हणून ही यंत्रणा आतून कशी असते आणि बाहेरच्या जगाशी कुठे जोडली जाते, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

ईपीएबीएक्स म्हणजे काय?

रिसॉर्टमध्ये वीस खोल्या असतील तर वीस टेलिफोन लाइन घ्यायची गरज नसते. वीसच्या वीस पाहुणे एकाच वेळी बाहेर फोन करत नाहीत. त्यामुळे आत वीस फोन आणि बाहेर जायला तीन-चार लाइन, अशी रचना पुरते. ही वाटणी करणारी पेटी म्हणजे ईपीएबीएक्स. बोलीत आपण तिला सरसकट ‘इंटरकॉम’ म्हणतो.

या पेटीला दोन बाजू असतात. एका बाजूला खोल्यांमधले फोन, म्हणजे एक्स्टेन्शन. दुसऱ्या बाजूला टेलिफोन कंपनीकडून आलेल्या लाइन, म्हणजे ट्रंक. खोली १०४ मधून किचनला केलेला फोन पेटीतच फिरतो. तो बाहेर जात नाही, त्याचं बिलही येत नाही. पाहुण्याने बाहेरचा नंबर लावला की पेटी मोकळी ट्रंक शोधून त्याला जोडून देते.

दोन्ही बाजूंना सारखीच दिसणारी दोन तारांची जोडी असते, पण त्यांचं काम उलटं असतं. एक्स्टेन्शनच्या बाजूला पेटी स्वतः फोनला वीज पुरवते, डायल टोन देते, घंटी वाजवते. ट्रंकच्या बाजूला पेटी स्वतःच एखाद्या फोनसारखी वागते. ती वीज घेते, टोन ऐकते, नंबर फिरवते. तंत्रज्ञांच्या भाषेत पहिल्याला एफएक्सएस पोर्ट म्हणतात, दुसऱ्याला एफएक्सओ. नवं उपकरण घेताना ‘यात किती एफएक्सओ आणि किती एफएक्सएस?’ हा प्रश्न आधी विचारावा. पोर्ट चुकीच्या प्रकारचा असेल तर महागडी पेटीही उपयोगाची नाही.

पेटीतून बाहेर जायचे मार्ग आज चार आहेत.

मार्ग पहिला: तांब्याची जोडी

ही जुनी ओळखीची लँडलाइन. एक्स्चेंजपासून खांबावरच्या किंवा जमिनीतल्या केबलमधून तांब्याच्या दोन तारा थेट तुमच्या इमारतीत येतात. त्यांच्यावर एक्स्चेंजमधून उणे ४८ व्होल्ट दाब सोडलेला असतो. साधा फोन याच विजेवर चालतो. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. म्हणून गावातली लाइट गेली तरी फोन चालू राहायचा.

‘उणे’ का, यालाही कारण आहे. ओलाव्यात तांब्याची तार रासायनिक क्रियेने झिजते. दाब उणे ठेवला की ही झीज कमी होते. खाऱ्या हवेच्या मालवणसारख्या भागात हे महत्त्वाचंच. तरीही समुद्राची हवा, साचलेलं पाणी, रस्त्याच्या खोदकामात तुटणारी केबल आणि मे-ऑक्टोबरमधल्या विजा यांनी तांब्याला बेजार केलं.

तांब्याच्या ट्रंकची आणखी एक अडचण म्हणजे समोरच्याने फोन ठेवला हे पेटीला नेहमी कळत नाही. कळण्यासाठी एक्स्चेंजने खूण द्यावी लागते, म्हणजे तारांची उलटापालट किंवा ठरावीक टोन. ती खूण मिळाली नाही, किंवा पेटीला ओळखता आली नाही, तर ट्रंक अडकून बसते आणि बाहेरून फोन करणाऱ्याला ‘एंगेज’ ऐकू येतं. तारांची हीच उलटापालट एकेकाळी एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या बोर्डाखालचं मीटर सुरू करायलाही वापरली जायची. उत्तर मिळालं की तारांवरचा दाब उलटायचा, आणि मीटर पळायला लागायचं.

मार्ग दुसरा: पीआरआय

मोठी हॉटेलं, रुग्णालयं, बँकांची कार्यालयं यांना तीन-चार लाइन पुरत नाहीत. त्यांच्यासाठी पीआरआय असते. एकाच जोडणीतून ३० संभाषणं एकाच वेळी जातात.

याचं गणित सरळ आहे. डिजिटल टेलिफोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना ८ बिटचा असतो. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४ हजार बिट. असे ३२ कप्पे एका जोडणीत बसवले की होतात २.०४८ मेगाबिट. त्यातले ३० कप्पे बोलण्यासाठी, एक वेळ जुळवण्यासाठी आणि एक ‘कोणी कोणाला फोन केला, कोणी ठेवला’ असे निरोप पोहोचवण्यासाठी.

निरोपांना वेगळा कप्पा असल्याने ट्रंक अडकण्याचा प्रश्न संपतो. शिवाय प्रत्येक एक्स्टेन्शनला बाहेरून थेट लागणारा नंबर देता येतो. या सोयीला डीआयडी म्हणतात. पण दहा खोल्यांच्या रिसॉर्टला ३० कप्पे म्हणजे दोन माणसांसाठी एसटी बस ठरवण्यासारखं आहे.

मार्ग तिसरा: फायबर आणि सिप ट्रंक

आता बहुतेक नव्या जोडण्या फायबरच्या आहेत. फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणून तुमच्याकडे फायबरच्या टोकाला एक छोटा डबा लागतो. त्याला ओएनटी म्हणतात, बोलीत ‘मोडेम’. हा डबा प्रकाशाचं रूपांतर इंटरनेटमध्ये आणि आवाजात करतो. त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळत नाही, तुमच्याच प्लगमधून मिळते.

सुरुवातीच्या तक्रारीचं उत्तर इथे आहे. लाइट गेली की फायबर तुटत नाही, तुमच्याकडचा डबा बंद पडतो.

ओएनटीला बहुधा टेलिफोनची पिनही असते. जुना ईपीएबीएक्स तिथे ट्रंक म्हणून जोडता येतो आणि पेटी न बदलता काम भागतं. पण आधुनिक पद्धत म्हणजे सिप ट्रंक. यात टेलिफोन लाइन नावाची वेगळी तारच नसते. तुमची आयपी-पीबीएक्स पेटी आणि टेलिफोन कंपनीचा सर्व्हर इंटरनेटच्याच पद्धतीने एकमेकांना निरोप पाठवतात: ‘हा कॉल घे’, ‘घंटी वाजते आहे’, ‘उचलला’, ‘ठेवला’. या निरोपांची ठरलेली भाषा म्हणजे सिप. तिचं आज वापरात असलेलं मूळ प्रमाण २००२ मध्ये प्रसिद्ध झालं.

निरोप एका वाटेने जातात आणि आवाज दुसऱ्या वाटेने, छोट्या छोट्या पुड्यांमध्ये. त्यामुळे सिपचा एक खास बिघाड घडतो: घंटी वाजते, फोन उचलला जातो, पण एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. बऱ्याचदा राउटरने आवाजाची परतीची वाट अडवलेली असते. फोन बदलून हा दोष जात नाही, राउटरची मांडणी दुरुस्त करावी लागते.

यासाठी इंटरनेट किती लागतं? फार नाही. नेहमीच्या दर्जाच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने साधारण ९० किलोबिट पुरतात. सहा संभाषणं एकदम चालली तरी अर्धा मेगाबिटच्या आसपास. त्यामुळे ‘शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे, मग आवाज का तुटतो?’ या प्रश्नाचं उत्तर वेगात नसतं. ते उशिरात आणि गोंधळात असतं. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांत पोहोचला तर बोलणं सहज वाटतं. पाहुण्यांनी संध्याकाळी एकदम व्हिडिओ लावले की आवाजाच्या पुड्या रांगेत अडकतात. उपाय असा की राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्यायचं, किंवा पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं ठेवायचं.

मार्ग चौथा: मोबाइलचं सिम

जिथे तांबंही धड नाही आणि फायबरही पोहोचलेलं नाही, तिथे ईपीएबीएक्सला सिमकार्ड घालायचं उपकरण जोडता येतं. त्याला जीएसएम गेटवे म्हणतात. पेटीला ती एक ट्रंक वाटते, प्रत्यक्षात कॉल जवळच्या टॉवरवरून जातो. आणीबाणीसाठी हा पर्याय चांगला आहे.

पण इथे एक लाल रेषा आहे. स्वतःच्या व्यवसायाच्या नावावरचं सिम स्वतःच्या रिसेप्शनसाठी वापरणं वेगळं, आणि परदेशातून इंटरनेटवरून आलेले दुसऱ्यांचे कॉल ढीगभर सिममधून स्थानिक कॉल म्हणून पुढे सोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला ‘सिम बॉक्स’ म्हणतात आणि तो गुन्हा आहे. ‘तुमच्या जागेत एक मशीन ठेवू द्या, महिन्याला भाडं देतो’ असं कोणी म्हणालं तर नकार द्या.

किती लाइन पुरेशा?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवला गेला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ मध्ये त्याचं सूत्र मांडलं. टेलिफोनच्या गर्दीचं एकक आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

समजा, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात तुमच्या रिसॉर्टला सर्वांत गर्दीच्या तासात ४० फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी तीन मिनिटं चालतो. म्हणजे तासाभरात १२० मिनिटांचं बोलणं, म्हणजेच दोन एर्लांग. वाटेल की दोन लाइन पुरतील. पण फोन रांगेने येत नाहीत, झुंडीने येतात. सूत्रानुसार:

• २ लाइन असतील तर १०० पैकी ४० जणांना एंगेज ऐकू येईल.
• ३ लाइनवर सुमारे २१ जणांना.
• ४ लाइनवर सुमारे ९ ते १० जणांना.
• ५ लाइनवर जेमतेम ४ जणांना.
• ६ लाइनवर एखाद्यालाच.

एंगेज ऐकणारा पाहुणा पुन्हा फोन करेलच असं नाही, तो यादीतल्या पुढच्या हॉटेलला लावतो. म्हणजे दोनच्या चार लाइन केल्या तर परत जाणारे फोन चौथ्या हिश्श्यावर येतात. मात्र कंपनीकडून ‘हंटिंग’ करून घ्यायला विसरू नका. हंटिंग म्हणजे पहिला नंबर गुंतलेला असेल तर कॉल आपोआप पुढच्या मोकळ्या लाइनवर जाणं. ते नसेल तर बोर्डावर छापलेल्या एकाच नंबरवर सगळे आदळतात आणि बाकीच्या लाइन रिकाम्या राहतात. आणि हो, लाइन वाढवल्या तरी उचलायला माणूस एकच असेल तर हिशोब पुन्हा तिथेच येतो.

शून्याचा घोळ

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. आता अनेक ईपीएबीएक्समध्ये बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच लागतं. म्हणजे खोलीतून मोबाइल लावायला दोनदा शून्य. खोलीतल्या कार्डावर हे लिहिलेलं नसेल तर पाहुणा ‘फोन बंद आहे’ म्हणून मोकळा होतो.

मोबाइलच्या बाबतीत हा घोळ हसण्यावारी नेता येईल. आणीबाणीच्या बाबतीत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत डिसेंबर २०१३ मध्ये एका महिलेवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ लावला, एकदा नाही, चार वेळा. फोन लागलाच नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबायला हवं होतं. ते त्या मुलीला ठाऊक नव्हतं. आईचा जीव गेला. पुढे २०१८ मध्ये तिथे कायदा झाला, की हॉटेल-ऑफिसच्या अशा यंत्रणांवरून कोणताही आधीचा आकडा न लावता ९११ लागलाच पाहिजे.

आपल्याकडे हा आकडा ११२ आहे. तुमच्या ईपीएबीएक्सवर खोलीतून नुसतं ११२ दाबलं तर काय होतं? बऱ्याच पेट्यांमध्ये ती ११२ नंबरची खोली समजली जाते! पेटीच्या सेटिंगमध्ये ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ थेट बाहेर सोडणं हे तंत्रज्ञाचं थोड्या वेळाचं काम आहे. तेवढ्यासाठी खोल्यांचे क्रमांक बदलावे लागले तरी हरकत नाही. समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी सुरक्षेसाठी १०९३ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबरही रिसेप्शनवरून लागतात का, ते तपासून ठेवा.

सिप ट्रंक असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तुमचा नंबर मुंबईच्या कोडचा आणि खोली देवबागला, असं होऊ शकतं. नंबरावरून जागा ओळखली जाईल या भरवशावर राहू नये. रिसॉर्टचं नाव, गाव आणि वाडी फोनशेजारी ठळक लिहून ठेवावी. घाबरलेल्या पाहुण्याला ‘आपण कुठे आहोत’ हे सांगता येईलच असं नाही.

लाइट गेल्यावर फोन चालू ठेवायचा तर?

आधी साखळी पाहा. तुमचा फोन, ईपीएबीएक्स, राउटर, ओएनटी, खांबावरची फायबर, कंपनीचं पुढचं यंत्र, एक्स्चेंज. यातलं एक जरी बंद पडलं तरी फोन बंद.

तुमच्या हातातल्या कड्यांची सोय फारशी खर्चिक नाही. पेटी, राउटर आणि ओएनटी मिळून ६० वॅट धरले तर आठ तासांसाठी ४८० वॅट-तास लागतील. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. वाया जाणारी वीज वजा केली तरी हिशोब आरामात बसतो. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी: इन्व्हर्टरवर पंखे, दिवे, टीव्ही असतात आणि ओएनटीचा प्लग मात्र साध्या लाइनवर. तो प्लग आजच पाहा.

हातात नसलेल्या कड्यांसाठी एकच उपाय आहे: दुसरी वाट. आणि ती खरोखर वेगळी असायला हवी. दोन कंपन्यांची फायबर घेतली आणि दोन्ही त्याच खांबांवरून आल्या, तर माडाचं एक झाड दोन्ही तोडतं. बिलं दोन, वाट एकच. फायबर आणि वेगळ्या कंपनीचं सिम, ही जोडी त्यापेक्षा भरवशाची. मात्र वादळात टॉवरही गप्प होतात, हे तौक्तेने दाखवलं आहे. टॉवरची बॅटरी संपली आणि डिझेल पोहोचलं नाही की सिम असून उपयोग नाही.

विजांचा मार वेगळा. तांब्याची लाइन बाहेरून विजेचा झटका थेट पेटीत आणू शकते. त्यासाठी लाइन जिथे इमारतीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग लागतं. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग चांगलं मिळत नाही. मे महिन्यात पाऊस यायच्या आधी ते मोजून घ्यावं. फायबरमध्ये प्रकाश जातो, त्यामुळे त्या वाटेने झटका येण्याचा धोका बराच कमी. पण ओएनटीच्या वीजजोडणीतून तो येऊ शकतोच.

रात्रीत लाखाचं बिल?

आयपी-पीबीएक्स इंटरनेटला जोडलेली असते, म्हणून तिला इंटरनेटचे चोरही दिसतात. सोपा पासवर्ड सापडला की ते तुमच्या पेटीतून परदेशातल्या महागड्या नंबरांवर सलग फोन करत राहतात, शक्यतो रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी. बिल तुमच्या नावावर येतं. आंतरराष्ट्रीय कॉलची गरज नसेल तर ती सुविधा कंपनीकडूनच बंद करून घ्या, पेटीचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदला आणि खर्चाला मर्यादा घाला.

ट्रंक घेण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. माझा सध्याचा नंबर कायम राहील का? आपल्याकडे मोबाइलसारखी लँडलाइनची पोर्टेबिलिटी नाही. कंपनी बदलली की ०२३६५ ने सुरू होणारा बोर्डावरचा जुना नंबर जातो. त्याच कंपनीत तांब्यावरून फायबरवर जाताना तो साधारणपणे राखता येतो.

२. एकाच वेळी किती कॉल चालतील? हंटिंग आहे का?

३. सेवा देणाऱ्या कंपनीकडे दूरसंचार परवाना आहे का? परवान्याशिवायचा ‘स्वस्त इंटरनेट कॉलिंग’चा सौदा पुढे महाग पडतो.

४. लाइट गेल्यावर तुमच्या बाजूचं यंत्र किती तास चालतं? उत्तर लेखी घ्या.

५. फायबर कोणत्या वाटेने येते? माझ्या दुसऱ्या जोडणीचे खांब तेच आहेत का?

६. माझी जोडणी बंद पडली तर येणारे कॉल आपोआप माझ्या मोबाइलवर वळतील का? सिप ट्रंकमध्ये हे वळण कंपनीच्या सर्व्हरवरच लावता येतं, त्यामुळे रिसॉर्टमध्ये पूर्ण अंधार असला तरी बुकिंगचा फोन वाजतो.

या सगळ्याची तालीम करायला खर्च येत नाही. एखाद्या दुपारी, पाहुणे कमी असताना, मुख्य स्विच बंद करा आणि एक तास थांबा. मग एका खोलीतून रिसेप्शनला, रिसेप्शनवरून मोबाइलला आणि बाहेरून तुमच्या बोर्डावरच्या नंबरला फोन लावून पाहा. यातला जो लागणार नाही, तिथून दुरुस्तीला सुरुवात करा.